पोर्ट दिसायला सारखे, वेग मात्र दहापट वेगळा! डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला काय दडले आहे?

लग्नसराईतला फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. दोन कॅमेरे, एक ड्रोन, हळदीपासून वरातीपर्यंतचे चित्रीकरण. सगळे मिळून दोनशे जीबी. मुलीकडच्यांनी स्वतःची हार्ड डिस्क आणून दिली आहे आणि ते काउंटरपाशी ताटकळत उभे आहेत. संगणकाच्या पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे आणि खाली लिहून येते : शिल्लक वेळ १ तास ३५ मिनिटे. स्टुडिओवाल्याचा निष्कर्ष ठरलेला असतो, 'मशीन जुनं झालं, आता नवीन घ्यायला पाहिजे.'

पुष्कळदा मशीनचा यात काही दोष नसतो. हार्ड डिस्कची केबल पुढच्या काळ्या पोर्टमधून काढून मागच्या निळ्या पोर्टमध्ये लावली, की हेच काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असेल, तर आठ-दहा मिनिटांत. खर्च शून्य.

पेठ वडगाव हे नावाप्रमाणेच पेठेचे गाव. हातकणंगले तालुक्यातल्या आसपासच्या गावांची कामे इथे होतात. अशा कुठल्याही बाजारगावात फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे, डीटीपी, कर सल्लागार, पतसंस्था, शाळा-कॉलेजची कार्यालये, दूध संस्था या सगळ्यांचा कारभार डेस्कटॉपवर चालतो. डेस्कटॉप घेताना सगळे जण प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे विचारतात. पोर्ट कोणते आहेत, हे फारच थोडे लोक विचारतात. वास्तविक संगणकात आत येणारा आणि बाहेर जाणारा सगळा माल याच दारांतून जातो. दार अरुंद असेल, तर आत कितीही मोठे गोदाम असून उपयोग काय?

आकड्यांचा घोळ : बिट आणि बाईट

पोर्टचा वेग सांगताना कंपन्या 'गिगाबिट प्रति सेकंद' हे माप वापरतात. फाइलचा आकार आपण 'गिगाबाईट'मध्ये, म्हणजे जीबीत मोजतो. एका बाईटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे खोक्यावर '५ गिगाबिट' लिहिलेले दिसले, की मनात लगेच आठाने भागायचे. तेवढ्यावरही भागत नाही. ५ गिगाबिटच्या यूएसबीत प्रत्येक ८ बिट माहितीसाठी प्रत्यक्षात तारेवरून १० बिट धाडावे लागतात, म्हणजे वरचे दोन बिट वाहतुकीच्या शिस्तीसाठी खर्ची पडतात. परिणामी ५ गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला ५०० मेगाबाईट हीच कमाल मर्यादा उरते आणि व्यवहारात ४०० ते ४५० मेगाबाईट मिळाले तरी उत्तम समजावे.

जुन्या यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाईट. प्रत्यक्षात तो ३५ ते ४० मेगाबाईटच्या वर सहसा जात नाही. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. फाइल कॉपी होताना विंडोजच्या चौकटीत 'अधिक तपशील' उघडले, की सेकंदाला किती मेगाबाईट जात आहेत ते दिसते. तो आकडा ३५-४० वर येऊन खिळून राहिला असेल, तर डिस्क कितीही महागाची असो, ती यूएसबी २.० च्या वाटेने चालली आहे असे बहुधा समजायला हरकत नाही.

एवढी पोर्टांची गर्दी झाली कशी?

नव्वदच्या दशकातला संगणक ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याची पाठ आठवत असेल. कीबोर्डला एक गोल पोर्ट, माऊसला दुसरा. मॉडेमसाठी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट. प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला लांबलचक पॅरलल पोर्ट. त्याच पोर्टला डीटीपीवाल्यांच्या सॉफ्टवेअरचे 'लॉक' खोचलेले असे आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. नवीन काही जोडायचे, तर संगणक बंद करा, जोडा, चालू करा, सीडीवरून ड्रायव्हर टाका आणि देवाचे नाव घ्या.

आपल्या भागाने हा काळ जरा लवकरच पाहिला. वडगावपासून जवळच असलेल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकाने जोडण्याचा तो प्रयत्न होता. पुढे काही गावांत हेच काम संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहण्यात आले, हा भाग वेगळा. पण उसाच्या नोंदी गावातल्या गावात संगणकावर दिसू लागल्या, त्या काळात सर्वसाधारण संगणकाची पाठ अशीच जुन्या पोर्टांनी भरलेली असे.

या पसाऱ्याला वैतागलेल्यांमध्ये अजय भट्ट हे इंटेल कंपनीतले अभियंते होते. त्यांचे शिक्षण बडोद्याचे, सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातले. घरात मुलीच्या शाळेच्या कामासाठी प्रिंटर जोडताना होणारी कुतरओढ पाहून 'सगळ्यांसाठी एकच पोर्ट' ही कल्पना डोक्यात आली, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० जाहीर झाले. वेग होता फक्त १२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबाईट. माऊस आणि प्रिंटरला तेवढा पुरेसा होता. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोरच यूएसबीला स्कॅनर जोडला आणि विंडोज ९८ चा पडदा निळा पडला, हा प्रसंग प्रसिद्धच आहे.

पेनड्राइव्ह नेहमी पहिल्यांदा उलटाच का लागतो, या प्रश्नाचे उत्तरही भट्ट यांनी दिले आहे. दोन्ही बाजूंनी लागणारा पोर्ट करायचा, तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते आणि खर्चही. तेव्हा यूएसबी स्वस्त ठेवणे अधिक महत्त्वाचे वाटले. इंटेलने त्यावर स्वामित्वशुल्कही घेतले नाही. सर्वत्र पसरलेल्या यूएसबीमागचे खरे कारण बहुधा हेच असावे.

व्हिडिओवाल्यांची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांना १२ मेगाबिट कुठे पुरणार? त्यांच्याकडे फायरवायर नावाचा ४०० मेगाबिटचा पोर्ट असे. मिनीडीव्ही कॅसेटवरचे लग्न संगणकात घ्यायचे, तर या फायरवायरच्या कार्डातून घ्यावे लागे आणि एका तासाच्या कॅसेटला बरोबर एक तास लागे, कारण कॅसेट वाजेल त्याच गतीने ती आत येई. एका तासाचे साधारण १३ जीबी होत. यूएसबी २.० एप्रिल २००० मध्ये आले, मेमरी कार्डाचे कॅमेरे आले आणि फायरवायर अडगळीत गेले. जुन्या कॅसेटांवरची लग्ने आजही संगणकात घ्यायची असतील, तर मात्र ते जुने कार्ड शोधावे लागते.

निळ्या रंगात काय आहे?

नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० चे मानक जाहीर झाले. वेग एकदम ४८० मेगाबिटवरून ५ गिगाबिटवर गेला. हे साधले कसे, ते पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहिले तर चक्क डोळ्यांना दिसते.

यूएसबी २.० मध्ये चार पिना असतात. एक ५ व्होल्टची, एक अर्थची आणि दोन माहितीच्या. माहितीच्या या दोन तारांवरून एका वेळी एकाच दिशेने बोलता येते. अरुंद पुलावर एका बाजूची वाहने थांबवून दुसऱ्या बाजूची सोडतात, तसे. यूएसबी ३.० मध्ये जुन्या चार पिना तशाच ठेवल्या आणि आतल्या बाजूला आणखी पाच बसवल्या. त्यात माहिती पाठवण्याची जोडी वेगळी आणि घेण्याची जोडी वेगळी. पूल दुपदरी झाला आणि वरच्या गाड्याही वेगवान झाल्या. जुना पेनड्राइव्ह नव्या पोर्टमध्ये चालतो, तो त्या पहिल्या चार पिनांवर.

पोर्ट ओळखू यावा म्हणून मानकात निळ्या रंगाची शिफारस केली गेली. काळा किंवा पांढरा म्हणजे बहुधा जुना, निळा म्हणजे ५ गिगाबिट, एवढे साधारण खरे धरता येते. त्यापुढच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. १० गिगाबिटचा पोर्ट कुणी हिरवट-निळा करतो, कुणी लाल. काही कंपन्यांचा लाल किंवा पिवळा पोर्ट म्हणजे संगणक बंद असतानाही मोबाइल चार्ज करणारा. शिवाय कित्येक ब्रँडेड डेस्कटॉपवर सगळेच पोर्ट काळे असतात. तिथे पोर्टशेजारचे चिन्ह पाहावे. यूएसबीच्या त्रिशूळासारख्या खुणेला 'एसएस' अक्षरे जोडलेली असतील, तर तो ५ गिगाबिटचा; सोबत १० चा आकडा असेल, तर १० गिगाबिटचा.

एक बारकी गंमत. वेगवान पिना आत खोलवर असल्यामुळे प्लग अगदी हळूहळू सरकवत आत घातला, तर पुढच्या जुन्या पिना आधी टेकतात आणि संगणक त्या डिस्कला यूएसबी २.० समजून बसतो. मग निळ्या पोर्टातही वेग ४० चाच राहतो. अशा वेळी डिस्क रीतसर काढून पुन्हा एका झटक्यात पूर्ण आत बसवली, की काम होते.

एकाच पोर्टाची तीन नावे

यूएसबीच्या नावांचा जो गोंधळ कंपन्यांच्या संघटनेने घातला, त्याला तोड नाही. २००८ मध्ये जे 'यूएसबी ३.०' होते, त्याचे २०१३ मध्ये 'यूएसबी ३.१ जेन १' झाले आणि २०१७ मध्ये 'यूएसबी ३.२ जेन १'. पोर्ट तोच आणि वेगही तोच, ५ गिगाबिट. त्यामुळे दुकानात 'यात लेटेस्ट ३.२ आहे' असे सांगितले, तर ते खोटे नसते. पण त्यावरून काहीच कळत नाही. १० गिगाबिटच्या पोर्टला 'जेन २' म्हणतात आणि २० गिगाबिटचा 'जेन २ बाय २' फक्त टाइप-सी आकारात मिळतो. २०१९ मध्ये आलेले यूएसबी ४ हे ४० गिगाबिटपर्यंत जाते आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ८० पर्यंत.

शेवटी संघटनेलाही शहाणपण सुचले. आता खोक्यावर आणि केबलवर थेट आकडाच छापावा, अशी शिफारस आहे : ५ जीबीपीएस, १० जीबीपीएस, ४० जीबीपीएस. खरेदी करताना नावाकडे काणाडोळा करून हा आकडा तेवढा विचारावा.

टाइप-सी म्हणजे वेगवान, हा समज

२०१४ मध्ये टाइप-सी आले. चोवीस पिना, कसाही लावा, उलटा-सुलटाचा प्रश्न संपला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल फोनना हाच पोर्ट सक्तीचा केला. पण टाइप-सी हा आकार आहे, वेग नव्हे. २०२३ चा साधा आयफोन १५ घ्या. त्याला टाइप-सी पोर्ट आहे, पण माहितीचा वेग यूएसबी २.० चाच, ४८० मेगाबिट. त्याच वर्षीच्या प्रो मॉडेलला दिसायला तोच पोर्ट आणि वेग १० गिगाबिट.

केबलचेही असेच आहे. मोबाइलच्या खोक्यातली टाइप-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंगसाठी केलेली असते आणि तिच्यात वेगवान जोड्यांच्या तारा नसतातच. एखाद्याने सात-आठ हजारांची एसएसडी आणली, तिच्याबरोबरची आखूड केबल हरवली म्हणून मोबाइलची लावली, की वेग थेट ४० वर येतो. मग दोष एसएसडीला. एसएसडीबरोबर आलेली केबल तिलाच चिकटपट्टीने बांधून ठेवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

साखळीची सर्वांत कच्ची कडी

पोर्ट, केबल, डिस्कच्या डबीतली चिप, प्रत्यक्ष डिस्क आणि संगणकातली मूळ डिस्क, या साखळीत जी कडी सर्वांत मंद, तिचाच वेग सगळ्यांना मिळतो. सगळ्या चर्चेचे सार इथे आहे आणि पैसे वाया जातात तेही इथेच.

फिरत्या तबकडीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १३० मेगाबाईट देते. तिला ५ गिगाबिटचा निळा पोर्ट पुरून उरतो. ती १० किंवा ४० गिगाबिटच्या पोर्टला लावली, म्हणून एका मेगाबाईटनेही वेग वाढणार नाही. साधी साटा एसएसडी ४०० च्या घरात जाते. तिलाही निळा पोर्ट ठीक. एनव्हीएमई प्रकारच्या बाहेरच्या एसएसडीला मात्र १० गिगाबिटचा पोर्ट द्यावा, मग ती ९०० ते १,००० मेगाबाईटपर्यंत पोहोचते. तेही ज्या डिस्कवरून माल उचलायचा, ती तितकीच वेगवान असेल तर. संगणकात जुनी हार्ड डिस्क असेल, तर बाहेर कितीही भारी एसएसडी लावा, वेग शंभर-सव्वाशेच राहतो.

पेनड्राइव्ह हा यातला सर्वांत फसवा प्रकार. निळी जीभ, खोक्यावर '३.०' आणि लिहिण्याचा वेग सेकंदाला १०-२० मेगाबाईट. आतली स्वस्त मेमरीच मंद असते. सुरुवातीची काही सेकंदे आकडा २०० वगैरे दिसतो, कारण संगणक माल आधी आपल्या रॅममध्ये उचलून घेतो. खरा वेग नंतर कळतो. दुसरे म्हणजे फाइलींचा आकार. लग्नाची एक सलग ५० जीबीची चित्रफीत भरभर जाते, पण तेवढ्याच जीबीचे हजारो लहान फोटो किंवा स्कॅन केलेले सातबारे जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते ना!

पुढचा पोर्ट निळा आहे, तरी वेग का नाही?

संगणकाच्या पेटीला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात, तर त्या पेटीचे पुढचे पोर्ट मदरबोर्डवर थेट नसतात. आतून एका केबलने ते मदरबोर्डला जोडलेले असतात. वेगवान पोर्टसाठी ही केबल जाड आणि तिचा जोड मोठा, एकोणीस पिनांचा असतो. असेंबल केलेल्या मशीनमध्ये कॅबिनेट नवीन आणि मदरबोर्ड जुना असला, तर हा जोड लावायला जागाच नसते. मग काही कारागीर रूपांतराची पिन लावून तो यूएसबी २.० वर जोडतात. बाहेरून निळा, आतून जुना. मागच्या बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असल्यामुळे तिथे ही शंका नसते.

बाजारात कंपन्यांनी काढून टाकलेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. शाळा, क्लास, छोटी दुकाने ते मोठ्या प्रमाणावर घेतात आणि त्यात वावगे काही नाही. फक्त एक गोष्ट पाहावी. इंटेलने स्वतःच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० दिले ते २०१२ मध्ये, तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर. दुसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये, विशेषतः आपल्याकडे भरपूर खपलेल्या एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डवर, ते मुळातून नसते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने वेगळी चिप बसवली असेल तरच. किमतीत हजार-पाचशेचा फरक असेल, तर तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीचे मशीन घ्यावे, हे माझे स्पष्ट मत.

घरात किंवा दुकानात आधीच जुने मशीन असेल, तर ते टाकून द्यायचे कारण नाही. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची मोकळी खाच असेल, तर तिच्यात यूएसबी ३.० चे कार्ड बसते. हजार रुपयांच्या आसपास ते मिळते. काही कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, ती जोडायला विसरू नये. विंडोज ८ पासून पुढे त्याची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोज ७ वर मात्र ड्रायव्हर टाकावा लागतो. पन्नास हजारांच्या नव्या मशीनचा विचार करण्याआधी हा हजार रुपयांचा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

सगळेच वेगवान पोर्टला लावू नका

कीबोर्ड, माऊस, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, बारकोड वाचणारे यंत्र, साधा प्रिंटर, यांना यूएसबी २.० चा वेग पुरेसा आहे. ते काळ्या पोर्टांना लावावेत आणि निळे पोर्ट डिस्क व कार्ड रीडरसाठी मोकळे ठेवावेत.

याला आणखी एक कारण आहे. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो. वायरलेस माऊस-कीबोर्डही याच पट्ट्यात बोलतात. निळ्या पोर्टला हार्ड डिस्क आणि शेजारच्याच निळ्या पोर्टला माऊसचा इवलासा रिसीव्हर असेल, तर डेटा चालू असताना माऊस अडखळतो. लोक सेल बदलतात, माऊस बदलतात. रिसीव्हर पुढच्या काळ्या पोर्टला लावला, की प्रश्न मिटतो. इंटेलने या गोंगाटावर २०१२ मध्ये तांत्रिक टिपणच काढले होते.

विजेचाही मुद्दा आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा पोर्ट ९००. पोर्टेबल हार्ड डिस्क पुढच्या पोर्टला किंवा लांब एक्स्टेंशनवर लावल्यावर टक-टक आवाज करून बंद पडत असेल, तर तिला वीज पुरत नाही. ती तशीच रेटत ठेवणे डिस्कच्या जिवावर बेतते.

थंडरबोल्ट, एचडीएमआय आणि लॅन

टाइप-सी पोर्टशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल, तर तो थंडरबोल्ट. २०११ मध्ये १० गिगाबिटवर सुरू झालेले हे तंत्र २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत टाइप-सीवर आणि ४० गिगाबिटवर आले. डिस्क, मॉनिटर, नेटवर्क सगळे एका केबलवर चालते. सिनेमाचे संकलन करणाऱ्याला ते हवेच. गावातल्या स्टुडिओला त्यासाठी जास्तीचे दहा-पंधरा हजार मोजण्याची गरज मला दिसत नाही. त्याच पैशात दोन एसएसडी येतात.

ग्राफिक्स कार्ड घेतलेल्यांनी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना, हे एकदा पाहावे. ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास दिसते. आणि फायबरचे कनेक्शन २०० मेगाबिटचे असून वेग ९५ च्या वर जात नसेल, तर लॅनची केबल तपासावी. आठपैकी चारच तारा पंच केल्या असतील, तर पोर्ट गिगाबिटचा असूनही १०० वरच थांबतो.

पूर, बॅकअप आणि काही तास

स्टुडिओतले ग्राहक ताटकळले, तर फार तर नाराज होतील. पण आपल्या भागात या वेगाला दुसरा अर्थही आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर कोणी विसरलेले नाही. दोन्ही वेळा पुणे-बंगळूरु महामार्गाची वाहतूक कोल्हापूरजवळ बंद पडली. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली, की पंचगंगाकाठच्या घरांत आणि दुकानांत आवराआवर सुरू होते; वारणाकाठीही पावसाळ्यात तीच धास्ती. माल वरच्या मजल्यावर जातो, जनावरे हलवली जातात. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेली संगणकाची पेटी सगळ्यात शेवटी आठवते. तिच्यात दहा वर्षांचे हिशेब असतात, सभासदांच्या नोंदी असतात, लोकांची लग्ने असतात.

एक टीबी डेटा हलवायचा आहे असे धरू. यूएसबी २.० च्या पोर्टातून साधारण आठ तास लागतील, आणि तेवढा वेळ वीज राहिली पाहिजे. हीच पोर्टेबल हार्ड डिस्क निळ्या पोर्टला लावली, तर सव्वादोन-अडीच तास. साटा एसएसडी असेल, तर पाऊण तास. १० गिगाबिटचा पोर्ट आणि दोन्ही बाजूंना वेगवान एसएसडी असेल, तर वीस मिनिटांच्या आत. लहान फाइली जास्त असतील, तर प्रत्येक आकड्यात वाढ धरावी. आठ तासांचे काम माणूस 'उद्या बघू' म्हणून टाळतो. वीस मिनिटांचे काम दर शनिवारी दुकान बंद करताना होऊन जाते आणि डिस्क घरी नेता येते. पाणी चढायच्या वेळी मग पेटी तशीच राहिली, तरी निदान माल हातात असतो.

घाईत डिस्क उपटू नये, हे मात्र पाळावे. पट्टी शंभर टक्के झाल्यावरही 'सेफली रिमूव्ह' करून मगच केबल काढावी. कॉपी झाल्यावर एक-दोन मोठ्या फाइली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघाव्यात. ऑनलाइन हजार-बाराशेत मिळणाऱ्या '१६ टीबी'च्या डिस्कवर तर बॅकअप ठेवूच नये. त्या बनावट असतात आणि भरल्यासारख्या दिसून आधीचा डेटा पुसतात.

दुकानातच कसे तपासाल?

नवे किंवा जुने मशीन घ्यायला जाताना आपली एसएसडी, तिची केबल आणि पाच-दहा जीबीची एक सलग चित्रफीत बरोबर न्यावी. पुढचा प्रत्येक पोर्ट आणि मागचा प्रत्येक पोर्ट, असे करत ती फाइल कॉपी करून पाहावी आणि पहिली काही सेकंदे सोडून नंतरचा आकडा वाचावा. ४०० च्या आसपास आला, तर ५ गिगाबिटचा पोर्ट ठीक चालतो आहे. शंभर-सव्वाशेवर थांबला, तर मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे, पोर्टचा दोष नाही. ३५-४० वर अडकला, तर प्लग काढून पुन्हा नीट बसवावा, मग केबल बदलावी, आणि तरीही तोच आकडा राहिला, तर कॅबिनेटचे झाकण उघडून पुढच्या पोर्टची केबल मदरबोर्डवर कुठे लावली आहे ते दाखवायला सांगावे.